वऱ्हाडचा विद्यार्थी आणि परदेशचा विद्यार्थी
(बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात उच्च शिक्षणविषयक राष्ट्रीय धोरणाचा विचार)

परदेशी विद्यार्थ्यांनी भारतातील विद्यापीठांकडे यावे, ही इच्छा स्वतंत्र भारताच्या शिक्षणधोरणात प्रारंभापासून आढळते. मात्र तिला राष्ट्रीय उद्दिष्टाचे रूप अलीकडे आले. २०१८ साली केंद्र सरकारने ‘स्टडी इन इंडिया’ ही योजना सुरू केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परवडणाऱ्या खर्चात उत्तम शिक्षण देणारा देश म्हणून भारताची जगात ख्याती व्हावी असे म्हटले. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्या स्वागतासाठी व साहाय्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, अशीही सूचना ह्या धोरणात आहे. ह्या विषयाची चर्चा सामान्यतः दिल्ली, बंगळूर, पुणे ह्या नगरांच्या अनुषंगाने होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु विद्यार्थी आपला मुलूख सोडून दुसरीकडे का जातो, कोणत्या वाटेने जातो आणि तेथे कशामुळे टिकतो, हे प्रश्न ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या आपले विद्यार्थी बाहेर पाठविले त्या प्रदेशाच्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होतात. पश्चिम वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा हा असा प्रदेश होय.

ह्या जिल्ह्याची राजकीय स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, पण त्यावरील सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार करून वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात हा प्रांत कायमच्या पट्ट्याने घेतला, व १९०३ साली तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडण्यात आला. तरीही वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झाला नाही. तेथे इंग्रजी कायदे लागू करावयाचे ते परराज्यातील अधिकारक्षेत्राविषयीच्या हुकुमान्वये, वेगळ्या जाहीरनाम्याने. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींना मध्य प्रांताच्या कायदेमंडळात बसविताना ‘नियुक्त’ म्हणून बसवावे लागे, तेही ह्याच कारणाने. तेव्हा मेहकर किंवा चिखलीहून मुंबईच्या कॉलेजात दाखल होणारा तरुण कायद्याच्या काटेकोर भाषेत दुसऱ्या राज्यातून आलेला विद्यार्थी होता. त्याला स्वतःला असे कधी वाटले असेल, असे मात्र नव्हे.

त्याला तसे वाटले नाही, ह्याची कारणे पाहण्यासारखी आहेत. भाषा एक होती, पण केवळ भाषा हे कारण नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, आणि तो जिल्ह्याच्या उत्तर भागातून, म्हणजे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ह्या स्थानकांवरून गेला. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी जलंबहून एक लहान फाटाही काढण्यात आला व १८७० साली तो खुला झाला. कापूस ज्या गाडीने मुंबईस गेला त्याच गाडीने मुलेही गेली. घाटाखालच्या गावांना ही सोय घराजवळ लाभली. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर ह्या गावांना मात्र प्रथम घाट उतरून खाली यावे लागे. जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेल्या बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. मलकापूर तेथून सुमारे ४५ किलोमीटर आहे. जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना घाटावरचे आणि घाटाखालचे हा भेद विसरून चालत नाही.

वऱ्हाडात स्वतःचे कॉलेज १९२३ पर्यंत नव्हते. त्या वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, व त्याच वर्षी ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. तोपर्यंत वऱ्हाडच्या होतकरू मुलाने प्रांताबाहेर जाणे हाच मार्ग होता. गणेश श्रीकृष्ण खापर्डे ह्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८७७ साली पदवी घेतली व १८८४ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पुढे अमरावतीस वकिली करून ते वऱ्हाडच्या राजकारणाचे अग्रणी झाले. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये व मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले होते खरे. पण तेथील विद्यार्थी ज्या परीक्षेला बसे ती कलकत्ता विद्यापीठाची. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठाची प्रादेशिक मर्यादा निश्चित केल्यावर मध्य प्रांताची कॉलेजे अलाहाबादकडे गेली. म्हणजे शिकवणी नागपुरात, प्रश्नपत्रिका प्रथम गंगेच्या मुखाजवळून आणि मागाहून प्रयागाहून, अशी ही व्यवस्था होती! ती विचित्र होती, परंतु तिने एक गोष्ट साध्य केली. पदवी कोठेही मान्य होत असे, आणि मान्य पदवी हीच घर सोडणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गरज असते.

ह्याच्या उलट बाजूचे एक उदाहरण वऱ्हाडच्या इतिहासातच आहे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. वऱ्हाडचा नामधारी सार्वभौम तोच निजाम, आणि त्याचे विद्यापीठ देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग करीत होते. तरीही वऱ्हाडातील मराठी विद्यार्थ्यांचा ओघ तिकडे वळला नाही. माध्यम उर्दू होते, रेल्वेचा रोख मुंबई-नागपूरचा होता, आणि नोकरी व वकिली ज्या राज्ययंत्रणेत मिळावयाची ती इंग्रजांची होती. सार्वभौमत्वाचा कागद एकीकडे आणि विद्यार्थ्याचे पाऊल दुसरीकडे, हे येथे स्पष्ट दिसते. शासनाने केवळ इच्छा केल्याने विद्यार्थ्यांचा प्रवाह वळत नाही, ह्याचा इतका नेमका दाखला दुसरीकडे सहसा आढळणार नाही.

हाच क्रम नेपाळच्या बाबतीत पाहावा. काठमांडूचे त्रिचंद्र कॉलेज १९१८ साली निघाले. ते प्रथम कलकत्ता विद्यापीठाशी व पुढे पाटणा विद्यापीठाशी संलग्न होते. नेपाळचे स्वतःचे त्रिभुवन विद्यापीठ १९५९ मध्ये स्थापन झाले. म्हणजे जवळजवळ चार दशके एका स्वतंत्र देशातील विद्यार्थी भारतीय विद्यापीठांच्या परीक्षांना बसत होते, जसे नागपूरचे विद्यार्थी कलकत्त्याच्या आणि अलाहाबादच्या परीक्षांना बसत. आता सांप्रतचे आकडे पाहिले म्हणजे ह्या जुन्या नात्याचे महत्त्व कळते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार २०१९-२० साली भारतात १६८ देशांचे ४९,३४८ विद्यार्थी शिकत होते. त्यांपैकी २८.१ टक्के एकट्या नेपाळचे होते. त्याखालोखाल अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान व सुदान हे देश येतात. जाहिरात जगभर असली तरी विद्यार्थी मुख्यतः शेजारून येतो, आणि ज्या वाटेने त्याचे आजोबा-पणजोबा परीक्षेला बसले त्या वाटेने येतो.

स्वातंत्र्योत्तर धोरणाने हा शेजार ओळखला होता. परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक शिष्यवृत्त्यांची योजना स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाली, आणि १९५० साली मौलाना आझाद ह्यांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या आशियाई व आफ्रिकी देशांतील तरुण येथे शिकून जावा, त्याने मैत्रीचा दुवा व्हावे, असा त्यामागील हेतू होता. त्या योजनेत विद्यार्थी पाहुणा होता. १९९० नंतर ही भाषा पालटू लागली. परदेशी विद्यार्थी म्हणजे अधिक शुल्क, परकीय चलन, आणि जागतिक क्रमवारीतील गुण, असा हिशेब धोरणाच्या भाषेत शिरला. ‘स्टडी इन इंडिया’ योजनेने २०२३ पर्यंत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २ लक्षांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१९-२० नंतरच्या दोन वर्षांत ती वाढली नाही, उलट किंचित घटली. महामारीचा काळ हे त्याचे एक कारण खरे. पण तेवढेच कारण मानणे सोईचे असले तरी पुरेसे नाही. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत अधिक जागा परदेशी विद्यार्थ्यांना देण्याची मुभा दिली. जागांचा तुटवडा हा अडसर होता, असे ह्या उपायात गृहीत धरलेले दिसते.

वऱ्हाडचा अनुभव निराळे सांगतो. पंजाबराव देशमुख ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने बोलके आहे. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, तेथून विलायतेस गेले, एडिंबरोस एम. ए. झाले आणि वैदिक वाङ्‌मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. बॅरिस्टर होऊन परतलेल्या ह्या गृहस्थाने अमरावतीस काय केले? कॉलेज काढण्यापूर्वी त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. १९३२ साली स्थापन झालेली श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाची पहिली अडचण वर्गातील जागेची नसते. रात्री पाठ टेकावयाची जागा आणि पंगतीत बसावयाची जागा कोठे, ही असते. परक्या देशात विद्यार्थी म्हणून राहिलेल्या आणि स्वतः शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही. (केंद्रीय कृषिमंत्री असताना १९५९-६० मध्ये दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरविणारे पंजाबराव तेच. ह्या प्रदर्शनास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. जग आपल्या अंगणात आणावयाचे तर ते शेतीच्या निमित्ताने आणावे, हा विचार वऱ्हाडी माणसाला शोभणारा होता.)

छात्रालय आधी आणि महाविद्यालय मागाहून, हाच क्रम पुढे पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत दिसून आला. फर्ग्युसन कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व वसतिगृहाचे रेक्टर शांताराम बळवंत मुजुमदार ह्यांनी एकदा एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून एका विद्यार्थ्याला काही देत असल्याचे पाहिले. शिस्तभंगाचा हा प्रकार असावा असे त्यांना वाटले. चौकशीअंती कळले ते असे, की विद्यार्थी मॉरिशसचा असून त्याला कावीळ झाली होती, आणि ती मुलगी त्याला जेवण पोचवीत होती. ह्या प्रसंगातून परदेशी विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाकडे मुजुमदारांचे लक्ष वेधले, आणि १९७१ साली त्यांनी सिंबायोसिस ह्या संस्थेचा आरंभ एक आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक केंद्र म्हणून केला. नावही वनस्पतिशास्त्रातूनच, ‘सहजीवन’ ह्या अर्थाचे, घेतले. महाविद्यालये व पदव्या त्यामागून आल्या, व २००२ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे ह्या संस्थेचे शुल्क, विस्तार व व्यावसायिक स्वरूप ह्यांविषयी मतभेद होऊ शकतात. पण तिचा उगम शुल्काच्या हिशेबात झाला नाही, तो एका आजारी मुलाच्या डब्यात झाला, हे इतिहासाने नोंदविले पाहिजे. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाले होते आणि त्या बेटावर कोकणपट्टीतून मजूर म्हणून गेलेल्यांचे मराठी वंशजही राहतात. अशा लहान देशातून पुण्यास येणारा विद्यार्थी आणि पन्नास वर्षांपूर्वी मेहकरहून मुंबईस येणारा विद्यार्थी ह्यांच्या गरजांत फारसे अंतर नव्हते.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे वळावे. येथे विद्यार्थी बाहेरून येण्याचा काळ पुष्कळ उशिरा आला. खामगावला १९४७ साली कॉलेज निघाले, पण विद्यापीठ नागपूरचेच राहिले. राज्ये बदलली, १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तरी जिल्ह्यातील पदवीच्या कागदावर शिक्का साडेतीनशे किलोमीटरवरील नागपूरचा असे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती, आणि तीतून १९५६ साली देशात ज्या ग्रामीण संस्था निघाल्या त्यांत अमरावतीच्या शिवाजी लोकविद्यापीठाचा समावेश होता. ही कल्पना मोठी होती. परंतु ह्या संस्थांच्या पदविकांना विद्यापीठांकडून पदवीचा मान सहजी मिळेना, आणि कालांतराने ह्या संस्था विद्यापीठांच्या चौकटीत विरघळल्या. मान्यतेचा प्रश्न पुन्हा येथेही आडवा आला. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली, तेव्हा बुलढाण्याला प्रथमच वऱ्हाडातले विद्यापीठ मिळाले.

त्याच वर्षी, महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळताच, शेगाव येथे श्री संत गजानन महाराजांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. विनाअनुदान धोरणाचे बरेवाईट परिणाम सर्वज्ञात आहेत, त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. येथे नोंदवावयाचे ते इतकेच, की ह्या महाविद्यालयामुळे जिल्ह्याबाहेरचे विद्यार्थी शिकण्यासाठी जिल्ह्यात येऊन राहू लागले. पाठविणारा जिल्हा प्रथमच घेणाराही झाला. हे शेगावात घडले, ह्यात आश्चर्य नाही. १९१० साली महाराजांनी समाधी घेतल्यापासून हे गाव परगावच्या माणसाला उतरावयास जागा व जेवावयास पान देत आले आहे. शिवाय ते मुंबई-नागपूर मार्गावरचे स्थानक आहे. घाटावर असे महाविद्यालय त्या वेळी निघते तर त्याचे काय झाले असते, हा तर्काचा विषय आहे.

परदेशी अभ्यासक ह्या जिल्ह्यात मुळी आलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तो लोणारला आला, आणि फार पूर्वीपासून. ‘आइने-अकबरी’त मेहकर सरकारातील लोणारचे पावित्र्य आणि तेथील सरोवराचे क्षार ह्यांचा उल्लेख आहे. १८२३ साली अलेक्झांडर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवर पाहून त्याची नोंद केली. १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट ह्याने ॲरिझोनातील प्रसिद्ध विवराच्या विवेचनात लोणारशी तुलना केली. हे विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद बराच काळ चालला. १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् ह्यांच्या लेखाने, बेसॉल्ट खडकात आघाताने झालेले हे विवर आहे, असे ठामपणे मांडले. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर चंद्रावरील विवरांच्या अभ्यासासाठी मोलाचे ठरले, कारण चंद्राची मैदानेही बेसॉल्टचीच आहेत. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे व २०११ च्या आरगॉन पद्धतीच्या अभ्यासाने सुमारे ५,७०,००० वर्षे निघते. ह्या दोन आकड्यांतील दहापटीहून अधिक अंतर हेच संशोधकांना पुन्हा बोलावण्यास पुरेसे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले.

येथे एक विसंगती दिसते. ज्या वस्तूसाठी जगाचा अभ्यासक आपण होऊन येतो, ती वस्तू जिल्ह्यात आहे. पण तिचा नमुना तपासणारी प्रयोगशाळा, तिच्यावर पदवी देणारे विद्यापीठ आणि निष्कर्ष छापणारी नियतकालिके दूरच्या नगरांत वा परदेशांत आहेत. अभ्यासक येतो, खडक उचलतो, काही दिवस राहतो आणि जातो. कापसाच्या गासड्यांसारखाच हा व्यवहार झाला: कच्चा माल येथला आणि कारखाना अन्यत्र. आकर्षणाचे धोरण आखणाऱ्यांनी नव्या जाहिरातींपेक्षा अशा स्थळांचा विचार अगोदर करावयास हवा होता. लोणारच्या काठी भूशास्त्र, क्षारजलातील सूक्ष्मजीव व ग्रहविज्ञान ह्यांचे एखादे लहान पण खरे अध्ययनकेंद्र उभारणे, जेथे सुदानचा वा नेपाळचा विद्यार्थी दोन वर्षे राहून मान्य पदवी घेऊ शकेल आणि ज्याच्या शेजारच्या बाकावर मेहकरचा विद्यार्थी असेल, हे परदेशी विद्यापीठाची शाखा मोठ्या शहरात आणण्यापेक्षा कमी खर्चाचे काम आहे. २०२३ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याची वाट मोकळी केली. परंतु अशी शाखा घाटावर येण्याचा संभव नाही, हे सांगावयास भविष्यवेत्ता नको.

विद्यार्थी आणल्यानंतरची जबाबदारी हा धोरणातील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची सत्ता पालटली, तेव्हा भारत सरकारने देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना पूर्वी दिलेले व्हिसा रद्द ठरविले. सुट्टीत किंवा महामारीमुळे घरी गेलेले, भारतीय विद्यापीठांत नाव असलेले कितीतरी विद्यार्थी त्यामुळे परतू शकले नाहीत. सुरक्षेची कारणे असतील, ती येथे तपासावयाची नाहीत. पण सर्वेक्षणात दुसऱ्या क्रमांकाचा देश म्हणून ज्यांची संख्या अभिमानाने मोजली, त्यांचा अभ्यासक्रम अर्ध्यावर तुटला तर तो कोणी पुरा करून द्यावयाचा, ह्याची तरतूद २०२० च्या धोरणात नव्हती. धोरणाने सुचविलेले विद्यार्थी-कार्यालय स्वागतासाठी होते. विद्यार्थी सीमेपलीकडे अडकला असता त्याच्या हाती काही नव्हते.

दुसऱ्या बाजूने, २०२४ साली परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लक्षांहून अधिक होती. येणाऱ्यांच्या तुलनेत जाणारे पंचवीसपटींहून अधिक आहेत. त्यांत बुलढाण्याचे किती, हे वेगळे मोजलेले नाही. परंतु मलकापूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या जुन्या विद्यार्थ्याप्रमाणेच त्यांचाही पहिला प्रश्न पदवीच्या मान्यतेचा, दुसरा राहण्या-जेवण्याचा, आणि तिसरा, तेथे आपल्याकडचे आधी कोण गेले आहे, हाच असतो. पापळचा मुलगा एडिंबरोस उतरला तेव्हा, आणि मॉरिशसचा मुलगा पुण्यास आला तेव्हाही, हेच तीन प्रश्न त्यांच्याबरोबर होते.